भिंतीवरचे चित्र आणि नोंदवहीतले नाव

मला विचारलेला प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या मोठ्या कलासंग्रहालयांत आज कृष्णवर्णीय कलावंतांची प्रदर्शने वारंवार होतात, लिलावात त्यांच्या चित्रांना कोट्यवधी डॉलर मिळतात, मग हे कलावंत आणि त्यांचे अभ्यासक संग्रहालयांविषयी अजून एवढे साशंक का असतात? जुन्या अन्यायाच्या आठवणी सोडल्या, तर त्या तक्रारीत आज काही तथ्य उरले आहे का?

तथ्य उरले आहे, आणि ते नेमके कुठे आहे हे मी माझ्या कामाच्या बाजूने सांगते. गेली बावीस वर्षे मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील संग्रहालयांत संग्रह-नोंदणीचे काम करते आहे. कोणती कलाकृती कधी आली, कोणी दिली, कोणत्या निधीतून घेतली, भांडारात कोणत्या जाळीवर टांगली आहे, शेवटची कधी बाहेर काढली, दुसऱ्या संस्थेने कधी उसनी मागितली, तिची डागडुजी कोणी केली, या सगळ्याचा हिशेब ठेवणे हे ते काम. त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. कलावंताचे काम दाखवणे आणि ते आपल्या संग्रहात घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संग्रहालयांनी कृष्णवर्णीय कलावंतांना पहिली गोष्ट दिली तेव्हाही दुसरी देताना हात आखडता घेतला. जमीन कोण कसते आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे लागते, यातला फरक आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथेही तोच फरक आहे. प्रदर्शन तीन महिन्यांनी उतरते आणि भिंती पुन्हा रंगवल्या जातात. पण ज्याचे नाव नोंदवहीत लागले, त्याच्या कामाचे जतन करणे, अभ्यास करून घेणे आणि ते पुढच्या पिढीसमोर ठेवणे ही संस्थेची बांधिलकी होऊन बसते.

सुरुवात १९६९ पासून करावी लागेल. त्या वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'हार्लेम ऑन माय माइंड' हे प्रदर्शन उघडले. हार्लेम हा त्या शहरातला कृष्णवर्णीयांचा भाग, आणि १९०० ते १९६८ या काळातील त्याचे जीवन हा प्रदर्शनाचा विषय होता. संचालक टॉमस होव्हिंग यांची इच्छा संग्रहालयाची दारे शहरातल्या सर्व लोकांना उघडावीत अशी होती, आणि त्या इच्छेच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. दालनांत भिंतभर वाढवलेली छायाचित्रे होती, पडद्यावर फिरणाऱ्या प्रतिमा होत्या, ध्वनिमुद्रणे होती. फक्त हार्लेमच्या एकाही चित्रकाराचे चित्र नव्हते, एकाही शिल्पकाराचे शिल्प नव्हते. रोमेर बिअर्डन, नॉर्मन लुईस आणि जेकब लॉरेन्स हे तिघेही तेव्हा हयात होते, काम करत होते, आणि त्यांच्या घडणीत हार्लेमचा मोठा वाटा होता. देशातल्या सर्वांत मोठ्या कलासंग्रहालयाने एका समाजाचे प्रदर्शन भरवले आणि त्या समाजाच्या कलेला त्यातून वगळले. ज्यांनी चित्रे काढली, ते स्वतःच पाहण्याचा विषय झाले.

नोंदवहीच्या दृष्टीने यात एक तपशील मला फार बोचतो. लॉरेन्स यांचे 'पूल पार्लर' हे चित्र मेट्रोपॉलिटनच्या स्वतःच्या संग्रहात १९४२ पासून होते. युद्धकाळात त्याच संग्रहालयात भरलेल्या एका मोठ्या स्पर्धात्मक प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले आणि संस्थेने ते घेतले. म्हणजे चित्र शोधायला कोणाला बाहेर जावे लागणार नव्हते. नोंद होती, क्रमांक होता, चित्र इमारतीचेच होते.

या प्रदर्शनाच्या निमित्ताने बेनी अँड्र्यूज आणि इतर कलावंतांनी 'ब्लॅक इमर्जन्सी कल्चरल कोअलिशन' ही संघटना उभी केली आणि फिफ्थ अव्हेन्यूवर संग्रहालयाच्या पायऱ्यांसमोर कडाक्याच्या थंडीत निदर्शने केली. मराठी वाचकाला कृष्णवर्णीयांच्या लढ्याची ओळख बहुधा साहित्यातून आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरमुळे झालेली असते. त्याच वर्षांत अमेरिकेतले चित्रकार हातात फलक घेऊन संग्रहालयांच्या दाराशी उभे होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले गेलेले नाही, म्हणून मी त्यावर थोडी थांबले.

त्या प्रदर्शनात ज्यांच्या छायाचित्रांनी लोक भारावले, ते जेम्स व्हॅन डर झी तेव्हा ८२ वर्षांचे होते. हार्लेममध्ये त्यांचा स्टुडिओ अनेक दशके चालला. लग्ने, बारसी, अंत्यसंस्कार, नवी मोटार घेतलेले जोडपे, सगळे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आले. प्रदर्शनाने त्यांचे नाव देशभर केले, आणि त्याच वर्षी त्यांना राहत्या घरातून बाहेर काढले गेले. कीर्ती आली, पण घर राहिले नाही. त्यांचा ठेवा, सुमारे २०,००० छापील छायाचित्रे आणि ३०,००० निगेटिव्ह, मेट्रोपॉलिटन आणि हार्लेमचे स्टुडिओ म्युझियम यांनी मिळून ताब्यात घेतल्याचे जाहीर झाले ते २०२१ च्या डिसेंबरात. दाखवणे आणि सांभाळायला घेणे यांच्यामध्ये बावन्न वर्षे गेली.

न्यूयॉर्कच्याच व्हिटनी या अमेरिकन कलेच्या संग्रहालयाची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते अधिक शिकवणारी आहे. १९६८ मध्ये तिथे १९३० च्या दशकातील अमेरिकन कलेचे प्रदर्शन झाले आणि त्यात कृष्णवर्णीय कलावंत नव्हते. फेथ रिंगगोल्ड यांच्यासह अनेकांनी दारात निदर्शने केली. बोलणी सुरू झाली, आणि १९७१ मध्ये व्हिटनीने समकालीन कृष्णवर्णीय कलावंतांचे मोठे प्रदर्शन भरवले. ते भरताच ७५ निमंत्रित कलावंतांपैकी १५ जणांनी आपली कामे काढून घेतली. वरवर पाहता हे विचित्र वाटते. जे मागितले ते मिळाले, मग बहिष्कार कशासाठी? कारण मागणी चित्रे टांगण्याएवढीच नव्हती. निवड करताना कृष्णवर्णीय कलातज्ज्ञांना सोबत घ्या, अशी ती मागणी होती, आणि संग्रहालयाने ती पाळली नाही. कोणते काम महत्त्वाचे, कोणते किरकोळ, कोणाला कोणाशेजारी लावायचे, भिंतीवरच्या मजकुरात काय लिहायचे, हे ठरवणारा माणूस बदलल्याशिवाय बाकी काही बदलत नाही हे त्या पंधरा जणांनी ओळखले होते. अशी संधी पुन्हा मिळेल की नाही हे माहीत नसताना तरुण कलावंताने आपले काम परत नेणे ही लहान गोष्ट नाही, आणि त्यांच्याविषयी लिहिताना मला आजही आदर वाटतो.

दबावाचा परिणाम मात्र झाला. १९६९ पासून पुढची काही वर्षे व्हिटनीने तळमजल्यावरच्या छोट्या दालनात कृष्णवर्णीय कलावंतांची एकल प्रदर्शने भरवली: १९६९ मध्ये अल लव्हिंग, १९७१ मध्ये फ्रँक बोलिंग, १९७२ मध्ये अल्मा थॉमस, १९७४ मध्ये जॅक व्हिटन. अल्मा थॉमस तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. वॉशिंग्टनच्या एका शाळेत त्यांनी पस्तीस वर्षे चित्रकला शिकवली होती, आणि त्यांच्या लहानपणी जॉर्जियातल्या कोलंबस गावात कृष्णवर्णीयांना संग्रहालयात पाऊलही टाकता येत नव्हते. व्हिटनीत एकल प्रदर्शन होणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पण इतरांचे पुढे काय झाले ते पाहा. बोलिंग यांचे लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयातील सिंहावलोकी प्रदर्शन २०१९ मध्ये झाले, तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. व्हिटन यांचे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील तसे प्रदर्शन २०२५ मध्ये झाले. ते २०१८ मध्येच गेले होते. नॉर्मन लुईस १९७९ मध्ये वारले आणि त्यांच्या संपूर्ण कामाचा आढावा घेणारे मोठे प्रदर्शन २०१५ मध्ये फिलाडेल्फियात भरले. तळमजल्यावरचे छोटे दालन आणि वरच्या मजल्यावरची मोठी दालने यांच्यामधला जिना चढायला या पिढीला अर्धे शतक लागले.

या मधल्या वर्षांत चित्रांचे काय होते, हे आमच्या कामात डोळ्यांसमोर दिसते. संग्रहालयाने वेळेवर घेतलेले चित्र ठरावीक तापमानात आणि ठरावीक आर्द्रतेत राहते, त्याची चौकट तपासली जाते, रंगाला तडा गेला तर लगेच कळते. न घेतलेले चित्र कलावंताच्या स्टुडिओत, भाच्याच्या गॅरेजमध्ये, ओल आलेल्या तळघरात राहते. पन्नास वर्षांनी ते आमच्याकडे येते तेव्हा कापड सैल पडलेले असते, पाठीमागे बुरशीचे डाग असतात, आणि रंगात नेमके काय मिसळले होते हे विचारायला कलावंत उरलेला नसतो. उशिरा दिलेल्या न्यायाचा खर्च असा प्रत्यक्ष कापडावर दिसतो.

एका संग्रहालयात, त्याचे नाव मी घेणार नाही, भांडाराची फेरतपासणी करताना मी एक सरकती जाळी बाहेर ओढली. सर्वांत आत, खालच्या कोपऱ्यात, एका कृष्णवर्णीय चित्रकर्तीचे मोठे अमूर्त चित्र होते. पाठीमागच्या पट्टीवर लाल रंगात क्रमांक होता, आणि आमच्याकडे क्रमांकाचा पहिला भाग बहुधा चित्र संग्रहात आले ते वर्ष सांगतो: १९७२. कार्डावर 'प्रदर्शित' या रकान्यात एकच नोंद होती, तीही १९७२ ची. 'संशोधन' या रकान्यात काही नव्हते, आणि चित्रकर्तीचे जन्मसाल चुकले होते. त्या दिवशी मी जिज्ञासेपोटी आमच्या यादीतले कृष्णवर्णीय कलावंतांचे सगळे क्रमांक वर्षानुसार लावून पाहिले. निदर्शनांच्या काळात ते दाटीने येत होते, मग जवळजवळ वीस वर्षे एखाददुसरा, आणि अगदी अलीकडे पुन्हा दाटीने. बाहेर आवाज होता तेव्हा खरेदी झाली, आवाज थांबला तेव्हा खरेदीही थांबली. माझ्या साशंकतेचे मूळ त्या यादीत आहे. सध्याची दाटी टिकेल की नाही हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

मोठ्या पटावरचे आकडेही हेच बोलतात. अमेरिकेतील ३१ संग्रहालयांच्या २००८ ते २०२० या काळातील नोंदी तपासणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, प्रदर्शनांपैकी ६.३ टक्के प्रदर्शने कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांची होती, आणि संग्रहात आलेल्या कलाकृतींपैकी त्यांच्या फक्त २.२ टक्के. या दोन आकड्यांमधले अंतर नीट पाहावे. दाखवण्याचे प्रमाण घेण्याच्या प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कामाचा वाटा तर अर्धा टक्का. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १२ ते १३ टक्के आहेत हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत. निवड करणाऱ्यांविषयी म्हणाल, तर २०१५ च्या एका सर्वेक्षणात क्युरेटर (म्हणजे कलाकृती निवडणारे आणि प्रदर्शने मांडणारे), जतनतज्ज्ञ, शिक्षण विभाग आणि व्यवस्थापन या पदांवरील कर्मचाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४ टक्के निघाले. पहारेकरी, स्वच्छता आणि सामान हलवणे या कामांत ते कितीतरी अधिक असते, हे कोणत्याही अमेरिकन संग्रहालयात एक फेरी मारली तरी डोळ्यांना दिसते.

सेसिल फर्गर्सन यांची गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. १९४८ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या काउंटी संग्रहालयात झाडलोट करण्याच्या कामावर लागले. पुढे चित्रे हाताळणे आणि टांगणे हे काम त्यांच्याकडे आले, आणि १९६८ च्या सुमारास तेच काम करणारे क्लॉड बुकर यांच्यासोबत त्यांनी 'ब्लॅक आर्ट्स कौन्सिल' स्थापन केली. आतल्या माणसांनी आतून लावलेला तो नेट होता. १९७१ मध्ये तिथे चार्ल्स व्हाइट, डेव्हिड हॅमन्स आणि टिमोथी वॉशिंग्टन या तिघांचे प्रदर्शन झाले, आणि १९७६ मध्ये डेव्हिड ड्रिस्केल यांनी त्याच संग्रहालयात दोन शतकांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन कलेचे प्रदर्शन मांडले, ज्यात दोनशेहून अधिक कलाकृती होत्या आणि जे पुढे अटलांटा, डॅलस आणि ब्रुकलिनला गेले. आज या विषयावर काम करणारा प्रत्येक जण त्या प्रदर्शनाच्या पायावर उभा आहे. फर्गर्सन निवृत्त होईपर्यंत क्युरेटरचे सहायक झाले होते.

पहारेकऱ्याच्या जागेवरून संग्रहालयाकडे पाहणारा दुसरा कलावंत फ्रेड विल्सन. त्यांनी विद्यार्थिदशेत संग्रहालयात पहारेकऱ्याचे काम केले होते. १९९१ मध्ये त्यांनी चार कृष्णवर्णीय पुतळे न्यूयॉर्कच्या चार संग्रहालयांच्या पहारेकऱ्यांच्या गणवेशांत उभे केले, आणि त्या पुतळ्यांना डोकी नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत त्यांनी जे केले, ते माझ्या व्यवसायातील प्रत्येकाने अभ्यासायला हवे. त्यांनी संस्थेचे स्वतःचे भांडार उपसले आणि त्यातल्याच वस्तू नव्याने मांडल्या. एका काचेच्या कपाटात नक्षीदार चांदीचे पेले आणि सुरया होत्या. त्यांच्या मधोमध गुलामांना घालायची लोखंडी बेडी. पाटीवर साधी नोंद: धातुकाम, १७९३ ते १८८०. काही अंतरावर दिवाणखान्यातल्या सुबक खुर्च्या अर्धवर्तुळात ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर चाबकाने मारण्यासाठी माणसांना बांधायचा खांब. पाटीवर: सुतारकाम. एकही शब्द खोटा नव्हता. बेडीची नोंद संस्थेच्या वहीत होतीच, पेल्याचीही होती. दोन्ही वस्तू एकाच समाजाच्या, एकाच काळातल्या आहेत, हे म्हणण्याची वेळ त्याआधी कोणावर आली नव्हती. वर्गवारी निष्पाप नसते, हे मला विल्सन यांच्यामुळे कळले.

या सगळ्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांचे काम सांभाळले कोणी? प्रामुख्याने त्यांच्याच संस्थांनी. अटलांटा विद्यापीठात हेल वुडरफ यांनी १९४२ मध्ये वार्षिक प्रदर्शन सुरू केले, ते १९७० पर्यंत चालले, आणि पारितोषिकप्राप्त कामे विद्यापीठ ठेवून घेत असे. संग्रह असा उभा राहिला. हॅम्प्टन, हॉवर्ड आणि फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांनीही तेच केले, तेही जतनासाठी पुरेसा पैसा कधीच हाताशी नसताना. हार्लेममध्ये १९६८ च्या सप्टेंबरात दारूच्या दुकानावरच्या भाड्याच्या माळ्यावर स्टुडिओ म्युझियम सुरू झाले. चित्रकार विल्यम टी. विल्यम्स यांची कल्पना अशी होती की संग्रहालयातच कलावंतांना काम करायला जागा द्यावी, म्हणून नावात 'स्टुडिओ' आहे. केरी जेम्स मार्शल, केहिंडे वायली, मिकलीन थॉमस, एनजिडेका अकुन्यिली क्रॉस्बी हे सगळे तिथे राहून काम करून गेले. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच संग्रहालयाची नवी, खास त्यासाठीच बांधलेली इमारत १२५ व्या रस्त्यावर उघडली. मेट्रोपॉलिटनने २०२४ मध्ये हार्लेमच्या कलाजागृतीवर, म्हणजे १९२०-३० च्या दशकांतल्या 'हार्लेम रेनेसान्स'वर, क्युरेटर डेनिस मरेल यांचे मोठे प्रदर्शन भरवले, चित्रे आणि शिल्पे धरून सुमारे १६० कामांचे, तेव्हा त्यातली कितीतरी महत्त्वाची चित्रे याच विद्यापीठांकडून उसनी आणावी लागली. १९६९ मध्ये ज्यांना बोलावले नव्हते, त्यांची चित्रे ५५ वर्षांनी आणायला जावे लागले ते त्यांच्याच समाजाने राखलेल्या घरी.

आता पैशाविषयी, कारण प्रश्नात लिलावाचा उल्लेख आहे. लिलावातली मोठी रक्कम बहुधा चित्र विकणाऱ्या संग्राहकाला मिळते, कलावंताला नाही, आणि भाव चढले की संग्रहालयाला ते चित्र परवडेनासे होते. म्हणून काही संस्थांनी आपल्याकडचे एखादे महागडे चित्र विकून मोकळ्या झालेल्या पैशातून ही पोकळी भरण्याचा मार्ग घेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांचे एक चित्र ५ कोटी डॉलरना विकले आणि लगेच दहा कलावंतांची ११ कामे घेतल्याचे जाहीर केले. त्यांत अल्मा थॉमस, नॉर्मन लुईस, फ्रँक बोलिंग आणि मिकलीन थॉमस होते. माझे अनेक सहकारी अशा विक्रीच्या विरोधात आहेत, आणि संग्रहातली वस्तू विकताना दहा वेळा विचार करावा हे मलाही मान्य आहे. तरीही ज्या संस्थेकडे एकाच कलावंताची अनेक उत्तम चित्रे आहेत आणि दुसऱ्या कलावंताचे एकही नाही, तिने रीतसर ठराव करून, मिळालेला पैसा फक्त कलाकृतींवरच खर्च करून हे केले, तर मी त्याच्या बाजूने आहे. विक्रीच्या पैशातून नेहमीचा खर्च भागवू लागलात की मात्र माझा पाठिंबा संपतो.

शेवटी, तुम्ही स्वतः संग्रहालयात गेलात तर काय पाहावे ते सांगते. चित्राशेजारच्या पाटीची शेवटची ओळ वाचा. तिथे देणगी आहे, खरेदी आहे की उसनवारी आहे हे लिहिलेले असते, आणि अनेकदा क्रमांकही असतो. फेथ रिंगगोल्ड यांचे 'डाय' हे रक्ताने माखलेल्या गर्दीचे भव्य चित्र १९६७ चे आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात ते २०१६ मध्ये आले, आणि २०१९ मध्ये दालनांची फेरमांडणी झाली तेव्हा ते पिकासोच्या १९०७ च्या प्रसिद्ध चित्राजवळ लावले गेले. पाटीवरची ही दोन वर्षे, काढल्याचे आणि घेतल्याचे, शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्या. त्याच संग्रहालयात जेकब लॉरेन्स यांची स्थलांतराची चित्रमालाही विचारा. दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीयांची ती कथा त्यांनी साठ छोट्या फलकांत रंगवली, आणि १९४२ मध्ये दोन संग्रहालयांनी ती वाटून घेतली: सम क्रमांकाचे तीस फलक न्यूयॉर्कमध्ये आहेत, विषम क्रमांकाचे तीस वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये. ते एकत्र आणण्याचे काम अधूनमधून होते, आणि तेव्हा दोन्हीकडच्या नोंदणी विभागांत कित्येक महिने कागदपत्रे चालतात. एरवी ती कथा सलग पाहायची असेल तर दोन्ही शहरांत जावे लागते, आणि पहिला फलक वॉशिंग्टनला आहे, म्हणून तिथून सुरुवात करा.